बाटलीतली नोट

एडविन हॅवर्थला इंग्लंडमधल्या कोल्न गावची माणसं फारशी ओळखीची नव्हती. बाटल्या मात्र ओळखीच्या होत्या. चाळीस वर्षं तो त्या गावात दूध टाकत होता आणि तो यायचा तेव्हा गाव गाढ झोपेत असायचं. कुणाकडे बाळ आलं, कुणाचा मुलगा शिकायला बाहेर गेला, कुणाचा नवरा गेला, हे त्याला उंबरठ्यावरच्या बाटल्यांवरून कळायचं. दोनाची एक झाली की त्या दारापुढे तो पावलं जरा हलकी टाकायचा.

पैसेही बहुतेक जण तसेच द्यायचे. रिकामी बाटली विसळायची, नोट सुरळी करून तिच्या गळ्यात खोचायची आणि बाटली दाराबाहेर ठेवायची. नाताळात एक नोट जास्तीची. देणारा झोपलेला, घेणारा घाईत. या व्यवहारात कधी एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र प्रत्येक दारात, नाताळ नसतानाही, बाटलीत जास्तीची नोट निघाली. दवाने भिजलेल्या त्या नोटा डोरीनने स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसून टेबलावर मांडल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"हे बघ, याची नवी पडवी-बिडवी बांधायची नाही. लग्न झाल्यापासून सलग चार दिवस तू मला कुठे नेलं नाहीस."

"दूध कुणी टाकलं असतं?"

"आता कुणीही टाको. आपण बोटीने जाऊ."

अशा रीतीने दोघं लिव्हरपूलच्या धक्क्यावर आली. नॉर्वेची सहल, दोघांचाही पहिलाच जहाजप्रवास. पहिली अडचण काउंटरवरच आली. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, असं तिथल्या मुलीने सांगितलं. खोलीचं कार्ड मिळेल, काहीही घेताना ते दाखवायचं आणि शेवटच्या दिवशी रक्कम बँकेतून परस्पर वळती होईल.

"माझ्या खात्यात जहाजाने हात घालायचा नाही," एडविन म्हणाला.

"जहाजाचं काय घेऊन बसलात, मलाही घालू देत नाही हा," डोरीन त्या मुलीला म्हणाली.

तोड निघाली. रोख अनामत आधी भरायची, खर्च त्यातून कापला जाईल, उरलेले परत मिळतील. एडविनने नोटा मोजून दिल्या, पावती घडी करून खिशात ठेवली आणि मग विचारलं, "आणि खोली सांभाळणाऱ्या पोरांना वर काही द्यायचं असेल तर?"

"द्यायची गरज नाही, सर. ते तिकिटातच धरलंय."

"म्हणजे मी आभार तिकीट काढतानाच मानून बसलो की काय?"

ती मुलगी हसली आणि मागच्या माणसाकडे वळली. एडविनला ते काही पटलं नाही.

खोली सांभाळायला रोडेल नावाचा फिलिपिनी माणूस होता. चाळिशीचा, बोलायला कमी, कामाला चोख. खोलीत चहाची किटली होती आणि ताटलीत दुधाच्या प्लॅस्टिकच्या इवल्या डब्या. एडविनने एक उघडली, वास घेतला आणि वहीवर पडलेली मेलेली माशी सारावी तशी ती बाजूला सारली.

"रोडेल, हे कुठल्या प्राण्याचं दूध आहे रे?"

"माहीत नाही, साहेब. डबीवर गाईचं चित्र आहे."

"ती गाय मेल्याला बरीच वर्षं झाली असणार. चाळीस वर्षं मी ताजं दूध टाकलंय पोरा, म्हणून बोलतो. तू मनावर घेऊ नकोस."

रोडेलने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे एडविनला सवयीने जाग आली. बाहेर अगदी हलकी पावलं वाजली, काच खाली टेकल्याचा आवाज झाला आणि पावलं निघून गेली. त्याने दार उघडलं. उंबरठ्यावर काचेची छोटी बाटली होती. मुळात फळांच्या रसाची, स्वच्छ धुतलेली, आणि तिच्यात गळ्यापर्यंत ताजं, गार दूध.

डोरीन उठली तेव्हा तो बाटली हातात धरून पलंगाच्या कडेवर बसला होता.

"काय झालं रे?"

"कुणीतरी माझ्याकडे दूध टाकून गेलं," तो म्हणाला.

त्या दिवसाच्या चहाबद्दल तो पुढे कितीतरी दिवस बोलत असे. रात्री त्याने बाटली विसळली, दहा पौंडांची नोट सुरळी करून गळ्यात खोचली आणि बाटली दाराबाहेर ठेवली. दुसरी कुठली रीत त्याच्या डोक्यातही आली नाही.

पहाटे दूध आलं. आणि संध्याकाळी फिरून परत आल्यावर टेबलावर पांढरं पाकीट होतं. आत तीच नोट आणि वर चार शब्द: आपल्या बाटलीत राहिली होती.

एडविनचा चेहरा पडला. "परत केली त्याने."

"कमी वाटले असतील," डोरीन म्हणाली.

"दूधवाल्याला कमी वाटलं तरी तो परत करत नाही. मला माहीत आहे."

"मग दुप्पट ठेव आणि झोप."

त्याने वीसची नोट खोचली. पहाटे तो कान देऊन पडून राहिला, पण पावलं वाजली नाहीत. दाराबाहेर दूधही नव्हतं, बाटलीही नव्हती. खोली आवरायला एक अनोळखी बाई आली. रोडेल कुठे आहे असं विचारलं तर तिने दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "त्याची चौकशी चालू आहे, साहेब. रात्री रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्याने तुमच्या दाराची बाटली खाली नेली. तिथे त्या बाटलीत नोट निघाली. प्रवाशाचे पैसे बाटलीत कसे आले, असं रोडेलला विचारतात. दुधाचंही निघालंय. त्याची नोंद कुठेच नाही. पुढच्या वेळी त्याला कामावर घेतील की नाही, काही सांगता येत नाही."

जहाज त्या सकाळी डोंगरांच्या मधल्या खाडीत उभं होतं. गावात न्यायला होड्या लागल्या होत्या. या एका गावासाठी डोरीनने नवे बूट घेतले होते. एडविनने तिच्याकडे पाहिलं. तिने बुटांकडे पाहिलं.

"चल," ती म्हणाली. "डोंगर कुठे पळून जात नाहीत. त्या माणसाची नोकरी जाईल."

काउंटरपुढे रांग होती. सगळी म्हातारी माणसं, हातात आपापल्या खर्चाचे कागद, न प्यालेल्या पेयांबद्दल भांडायला आलेली. एडविनचा नंबर आला तेव्हा समोर मिस म्यूर नावाची अधिकारी होती, तिशीची, टापटीप.

"ती नोट माझी आहे," तो म्हणाला. "मीच ठेवली."

"बाटलीत? कशासाठी?"

"दुधाचे पैसे."

"मिस्टर हॅवर्थ, पैसे कुणी बाटलीत ठेवतं का? तुम्ही त्याला वाचवायला म्हणत असाल, तर..."

एडविनने काउंटरवरची पाण्याची रिकामी बाटली ओढली, खिशातून नोट काढली, दोन बोटांत सुरळी केली आणि गळ्यात खोचली. चाळीस वर्षं ती काढायची सवय असलेला हात खोचतानाही अडखळला नाही.

"अशी," तो म्हणाला.

मागून एक खणखणीत आवाज आला. "चूक! आमच्याकडे चिठ्ठीही असायची सोबत. आज एक जास्त, मुलगी आली आहे."

"आणि दही पाहिजे असेल तर बाटलीवर कप उपडा," आणखी कुणी म्हणालं.

"आमचा दूधवाला सुट्टे पैसे परत ठेवायचा. पेनीसकट!"

"तुमचा ठेवायचा. आमचा नाताळपर्यंत विसरायचा."

रांग हसायला लागली. बिलांचे कागद हातातच राहिले. मिस म्यूर या सगळ्यांकडे पाहत राहिली. तिच्या घरी दूध आयुष्यभर दुकानातून आलं होतं.

"म्हणजे हे खरंच करतात?"

"बाई, सगळा देश करायचा," मागचा खणखणीत आवाज म्हणाला.

"त्या माणसाने पहिली नोट इमानाने परत केली," एडविन म्हणाला. "दुसरी त्याने पाहिलीसुद्धा नाही. चूक झाली ती माझी. आणि दुधाचे पैसे माझ्या अनामतीतून कापा."

तिने यंत्रावर बोटं चालवली, बराच वेळ. "आमच्या यादीत दूधच नाही," ती शेवटी म्हणाली. "व्हिस्की बारा प्रकारची आहे."

"कसलं हे जहाज!" डोरीन म्हणाली.

मिस म्यूरही हसली. मग टेलिफोन उचलून ती हळू आवाजात बोलली, आणि फोन ठेवून म्हणाली, "तो दुपारी कामावर येईल. नोंदीत त्याच्या नावाला काही लागणार नाही. दूध मी स्वयंपाकघराला लिहून देते. पण एक करा. द्यायचंच असेल तर त्याच्या हातात द्या. आमच्याकडे सापडलेले पैसे म्हणजे हरवलेले पैसे."

होड्या परत यायला लागल्या होत्या. दोघांनी ते गाव जहाजाच्या कठड्यावरून पाहिलं. नव्या बुटांत डोरीनचे पाय मजेत होते.

दुसऱ्या पहाटे एडविन कपडे करून दाराआड उभा राहिला. पावलं आली. काच टेकायच्या आत त्याने दार उघडलं. रोडेल दचकला, बाटली त्याच्या हातातून निसटता निसटता राहिली.

"सावकाश, पोरा. सांडलं तर आपल्याच पगारातून जातं."

"साहेब, तुम्ही जागे?"

"मी चाळीस वर्षं याच वेळी जागा आहे. तुला त्रास झाला माझ्यामुळे."

"नाही, साहेब. माझ्या एका मित्राने उशीखाली मिळालेली नोट खिशात टाकली, त्याला पुढच्या बंदरातून घरी पाठवलं. म्हणून मी घाबरतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "साहेब, तुम्ही सगळ्यांना दूध द्यायचात. तुमच्या घरी कोण द्यायचं?"

"कोण देणार? गाडीत उरेल ते मीच न्यायचो." एडविनने एका हाताने विसळलेली जुनी बाटली दिली आणि दुसऱ्या हाताने नोट. "तूच पहिला."

रोडेलने नोट घेतली. दोघांनी हात मिळवले. रोडेलच्या बोटांना बाटलीचा गारवा लागलेला होता, आणि तो गारवा एडविनच्या इतका ओळखीचा होता की हात सोडायला त्याला जरा वेळच लागला.

दार लावून तो आत आला आणि चहा करू लागला. डोरीन जागीच होती.

"आता कसला विचार?"

"त्याला निदान माझं तोंड दिसलं," एडविन म्हणाला. "ज्यांनी बाटलीत नोटा ठेवून आपल्याला इथे पाठवलं, त्यांच्यातल्या कुणालाही मी एकदासुद्धा तोंडाने थँक यू म्हटलेलं नाही."

घरी परतल्यावर त्या आठवड्यात तो डोरीनला घेऊन निघाला. भर दुपारी, कोट घालून. या वेळेला आपली दुधाची गल्ली त्याने क्वचितच पाहिली होती, आणि घरांचे दरवाजे कुठल्या रंगांचे आहेत हे त्याला आजच कळत होतं. पहिल्या दारी त्याने टकटक केली. इथे रोज एक बाटली, पूर्वी दोन.

पांढऱ्या केसांच्या एका बाईने दार उघडलं. तिने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काही विकत असाल तर नको बाई आम्हाला."

"विकत नाही काही," एडविन म्हणाला आणि त्याने टोपी काढली. "मी एडविन. दूध."

बाईचा हात गालावर गेला. "अगंबाई," ती म्हणाली, "तुम्ही एवढे उंच आहात होय!" आणि तिने दार सताड उघडलं. "या ना आत. चहा टाकते."