मापातली गॅलरी

तळमजल्यावरचे काका आमच्या बिल्डिंगमागून विरारकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनचं मॉडेल करतात. पलंगाएवढ्या फळीवर रूळ, सिग्नल, नाला आणि आमची बिल्डिंग, सगळं अगदी मापात. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू. तिचा एकेक दाणा ते चिमट्याने ठेवतात. दाणा बसेपर्यंत श्वास रोखून धरतात, आणि बघणाऱ्याचाही नकळत रोखला जातो. माणसं मात्र फळीवर एकही नाही. "माणूस हलतो, मापात येत नाही," म्हणतात.

चूक काढलेली त्यांना खपत नाही. मागे एकदा गेटजवळची चिंच फळीवर दिसली नाही. बाहेर ती चांगली उभी होती, म्हणून मी म्हटलं, "काका, चिंच राहिली." मान वर न करता म्हणाले, "बघूनच केलंय." त्याच आठवड्यात गटाराच्या कामासाठी चिंच तोडली. मी योगायोग म्हणून सोडून दिलं.

काल पापडी गावातल्या बाजारातून त्यांच्यासाठी केळी आणली, ती द्यायला गेलो. ते फळीवरची आमची गॅलरी रंगवत होते. कुंडी, दोरी, दोरीवरचा पंचा, सगळं तंतोतंत. खुर्ची मात्र एकच.

"काका, आमच्याकडे दोन आहेत. एक आईची, एक माझी."

त्यांनी श्वास रोखून ब्रश टेकवला, उचलला.

"बघूनच केलंय." या वेळी आवाज फार हळू होता.

वर आलो. आई गॅलरीत वाल सोलत बसली होती. शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाली, "बस ना, उभा का?"

मी उभाच राहिलो.