चाळीसच्या वरचा कट्टा

सडक अर्जुनीच्या केशोरावानं रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. शिकवलं कोणी नाही, खोलून खोलून शिकला. तीस वर्षांत आपल्या दुकानातून एकही मशीन न सुधारता परत गेली नाही, हे तो गिऱ्हाइकाला चहा पाजून ऐकवायचा. त्या चहापायी अर्धा तास जायचा, ते वेगळं.

त्या दिवशी मात्र ही तीस वर्षं पणाला लागली. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या प्रेमिलानं बंद पडलेला कॉम्प्युटर आणून ठेवला.

"केशोभाऊ, संध्याकाळपर्यंत नवी सिस्टिम टाकून द्या. नाही जमलं तर गोंदियाला पाठवते."

गोंदियाला! केशोरावाच्या जिव्हारी लागलं.

सिस्टिमच्या फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि तिथून मशीनमध्ये चढवायच्या, काम एवढंच. पण त्यातली सगळ्यात मोठी, पाच जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जाईना. फाइल फार मोठी आहे म्हणे. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हला पाच जीबी जड? केशोरावानं त्यातली भजनं, जुनी बिलं, बायकोच्या भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं पुसून टाकलं. पुन्हा तेच रडगाणं. ती फाइल सोडून इन्स्टॉल करून पाहिलं, तर मशीन अर्ध्यातच अडून बसली.

दुपारी बायको, सुशिलाबाई, डबा घेऊन आली. ती धान खरेदी केंद्रावर कट्टे, म्हणजे धानाची पोती, शिवायची.

"काऊन डोकं धरून बसले?"

"बत्तीसची जागा खाली हाय, अन् पाचची फाइल घेऊन नाई राहिला. खोटं बोलून राहिला साला."

"जागेचा काय संबंध? आमचं गोदाम अख्खं खाली असलं तरी चाळीस किलोच्या वरचा कट्टा काट्यावर घेत नाईत. दोन कट्टे करा."

केशोराव हसला. मग त्यानं गुपचूप मोबाइलवर शोधलं. बाई बरोबर होती. पेनड्राइव्हची आखणी जुन्या पद्धतीची होती. तिच्यात जागा कितीही असो, एक फाइल चार जीबीच्या वर बसतच नाही. त्यानं फाइलीचे दोन तुकडे केले आणि तासाभरात सिस्टिम चढली.

प्रेमिला मशीन घेऊन गेली, अर्थात चहा पिऊन आणि तीस वर्षं ऐकून. तेवढ्यात केंद्रावरून सुशिलाबाई परतली.

"झालं ना काम? आता त्या पेनड्राइव्हमधला हिमांशूच्या लग्नाचा व्हिडिओ लावा. मी नाचली तो."

केशोरावाचा चेहरा पडला. "तो... जागा करायले पुसला."

"जागा तर होतीच म्हणता."

"होती."

सुशिलाबाई चिडली नाही, आणि तेच वाईट होतं. तिनं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि पेनड्राइव्ह त्याच्या पुढ्यात ठेवला.

"सुधारून द्या. तुमच्या दुकानातून काही न सुधारता परत जात नाई ना? मी बसली हाय. अन् माझा चहा सांगा."