शकुंतला कौन?

कुठल्याही सरकारी खिडकीसमोर उभं राहण्याआधी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी स्वतःचं नाव पाठ करायच्या. टॅक्सीत बसल्यापासून त्यांचे ओठ हलायला लागायचे. नवख्या माणसाला वाटायचं, स्तोत्र चाललंय. असायचं ते एवढंच: ‘शकुंतला, शकुंतला, शकुंतला.’ अबुधाबीत त्यांना सगळे मीनल म्हणून ओळखत. मीही सुरुवातीला त्यांचं तेच नाव समजत होते.

शकुंतला हे माहेरचं नाव आणि पासपोर्टवरचंही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मीनल’ लिहिलं गेलं आणि सासूबाईंनी बजावलं, आता जुनं नाव तोंडातूनसुद्धा काढायचं नाही. वहिनींनी ते फारच मनावर घेतलं. चौऱ्याऐंशीच्या सुमाराला, नव्या नवरीच्या चुड्यासकट त्या अबुधाबी विमानतळावर उतरल्या. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघून ‘शकुंतला?’ असं विचारलं, तर यांनी मान हलवली. ‘नो. मीनल.’

त्या काळी मूळ व्हिसा न्यायला आलेल्या माणसानं विमानतळावरच्या एका खिडकीत आणून ठेवायचा असे आणि येणाऱ्याच्या हातात नुसती झेरॉक्स असे. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, व्हिसा जमा करून बाहेर कठड्याला उभे होते. आत वहिनींना बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं. विमान रिकामं झालं, पुढच्या विमानाची माणसंही निघून गेली, तरी त्या तिथेच. शेवटी एक वयस्क अधिकारी आला. त्याला हिंदी येत होतं.

“शकुंतला कौन?”

“वो मैं थी.”

“थी? अभी कौन है?”

यावर वहिनी रडायला लागल्या. तो हसला, “खलास, खलास,” म्हणजे ‘झालं, पुरे,’ म्हणाला आणि शिक्का मारून दिला.

गणपतीत आम्ही बायका जमलो की ही गोष्ट त्यांच्याकडून हटकून वदवून घ्यायचो आणि पोट धरून हसायचो. त्या हसायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, “हसा गं. पण त्यानं परत पाठवलं असतं, तर मी कुठल्या नावानं परत गेले असते?”

खरं तर त्या हॉलची भीती आम्हा सगळ्यांनाच होती. निळ्या-हिरव्या फरशांचा घुमट बघत, गप्पा मारत माणसं विमानातून यायची आणि काउंटरची रांग दिसली की गप्प व्हायची. ऑफिसात दहा जणांवर ओरडणारे इंजिनिअर तिथे शर्टाचं वरचं बटण लावायचे. इथे कितीही वर्षं काढली तरी दर खेपेला त्या काउंटरवर नव्यानं परवानगी घ्यायची होती. हे माहीत सगळ्यांना होतं, बोलून दाखवायच्या त्या फक्त वहिनी.

काउंटरसाठी त्यांचा एकच नियम होता. ‘विचारलं तेवढंच सांगायचं.’ मुलगी अश्विनी बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. सुट्टीहून परत येताना अधिकाऱ्यानं कौतुकानं तिला नाव विचारलं. ती ‘अश्विनी’ म्हणाली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण वहिनी घाईघाईनं पुढे सरकल्या, “ओन्ली अश्विनी, सर. नो अदर नेम.” मग तो पासपोर्ट त्यानं चांगला निरखून बघितला.

मी ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे, त्यामुळे पुढच्या गोष्टीत माझा हात आहे. दोन हजारच्या आसपास वहिनींच्या आईला मिरजेत अर्धांगवायूचा झटका आला. वडील आधीच गेलेले, भाऊ नाही. वहिनी गेल्या. नियम असा होता की सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं तर रहिवासी व्हिसा रद्द होतो. इतरांना नवा काढता यायचा. पण मधल्या काळात कुटुंब आणण्यासाठी पगाराची अट वाढली होती. भाऊजी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. जुना व्हिसा चालू होता तोवर ठीक होतं, नव्या अटीत ते बसत नव्हते. व्हिसा गेला की वहिनींचं इथलं घर गेलं.

म्हणून पहिल्या खेपेला सहा महिने भरायच्या आत वहिनी शिक्क्यापुरत्या येऊन गेल्या. एक दिवस. तेवढ्यात त्यांनी ओटा घासला, अश्विनीच्या केसांना तेल लावलं, फ्रीजमध्ये पोळ्या करून ठेवल्या. “आई, रिलॅक्स, वी आर फाइन,” असं अश्विनी म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना विमानतळावर सोडलं.

पुढचे सहा महिने संपत आले तसं मी तिकीट काढलं. मुदतीच्या आत जागा असलेलं ते शेवटचंच विमान होतं. आठवडाभर आधी वहिनींचा फोन आला, भाऊजींना नाही, मला.

“तिकीट थोडं पुढे ढकलता येतं का गं?”

“नाही, वहिनी. त्यानंतर आलात तर काउंटरवरूनच परत पाठवतील.”

“बरं. मागच्या वेळी मी तिकडून परत आले ना, तर आई मला ओळखेना. कामाला ठेवलेली बाईच समजायला लागली. ‘अहो बाई, जरा उशी सरकवता का,’ असं. स्वतःच्या आईनं अहो-जाहो केलेलं कसं लागतं, तुला सांगते. महिना गेला त्यात. आत्ता कुठे शकू म्हणायला लागलीय.”

“तिथे एक दिवस कोणाला तरी बसवा.”

“बसवलंच होतं गं.”

मी पुन्हा पगाराची अट समजावली. अश्विनी दहावीला आहे, हेही सांगितलं. मी चुकीचं काहीच सांगत नव्हते.

“येते. तिकीट असू दे,” त्या म्हणाल्या.

त्या दुपारी भाऊजी, अश्विनी आणि मी विमान उतरायच्या आधीच कठड्याला जाऊन उभे होतो. भाऊजींनी कामावरून अर्धा दिवस सुटी घेतली होती. बोर्डावर विमान उतरल्याचं आलं. ट्रॉल्या यायला लागल्या. दर वेळी दार सरकलं की आम्ही तिघं पुढे झुकायचो. भाऊजी म्हणाले, “नावात पुन्हा काहीतरी गडबड केली असणार हिनं.” अश्विनी नखं खात होती. येणारी माणसं विरळ झाली, मग विमानाचे कर्मचारी बॅगा ओढत बाहेर आले. त्यांच्यामागे दार बंद झालं ते उघडेना.

मी कार्ड घेऊन सार्वजनिक फोनवर गेले आणि मिरजेचा नंबर लावला. वहिनींच्या आईजवळ बसवलेल्या बाईंना विचारावं, वहिनी मुंबईला कधी निघाल्या. पहिल्याच रिंगला फोन उचलला तो वहिनींनी.

“वहिनी? अहो, विमान उतरलं इथे! तुम्ही घरी कशा?”

“आईला भरवतेय गं, मऊ भात. तोंडात घास आहे तिच्या, ठसका लागेल. पाच मिनिटांनी कर.”

आणि फोन ठेवला.

पुढे व्हायचं ते सगळं झालं. व्हिसा गेला. अश्विनीची परीक्षा होईपर्यंत ती माझ्याकडे जेवत होती. उन्हाळ्यात फ्लॅट सोडला. त्यांचं स्वयंपाकघर मी बांधलं आणि अर्धं वाटून टाकलं. भाऊजी मुसफ्फाला कंपनीच्या खोलीत राहायला गेले. अश्विनी मिरजेला गेली आणि कितीतरी दिवस आईशी धड बोलली नाही. आजी पुढची दिवाळी बघून गेल्या. वहिनी अबुधाबीला पुन्हा आल्या नाहीत. त्यांनी बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

त्या दिवशी फोनवरून परत आले तेव्हा बापलेक तसेच दाराकडे बघत होते.

“डिड शी मिस द फ्लाइट?” अश्विनीनं विचारलं.

“नाही. त्या निघाल्याच नाहीत.”

अश्विनी ताडताड गाडीकडे चालू लागली. भाऊजींनी खिशातून किल्ली काढली, पण जागचे हलले नाहीत. मग खालच्या आवाजात विचारलं, “रडत होती का?”

“नाही,” मी म्हटलं. “घाईत होत्या.”