मरळीच्या सात जोड्या

लिंबाजी भोयाला नुसत्या पाण्याच्या हलण्यावरून खाली कोणता मासा आहे ते कळायचं. कागदावर मात्र त्याला अंगठ्याशिवाय काही उमटवता येत नव्हतं.

अहमदपूरच्या बाजूला त्याचं गाव आणि गावाला तळं. तिथल्या भोयांचा एक रिवाज होता. मरळीची शेकडो लाल पिलं पाण्यावर घोळक्यानं फिरतात आणि नर-मादी खालून पहारा करतात. त्या जोडीवर जाळं टाकायचं नाही. कुणबी बियाण्याची कणसं आढ्याला टांगून ठेवतो, तसंच हे. "बी खाल्लं की तळं मेलं," असं लिंबाजीचा बाप म्हणायचा.

पुढं तळ्याचा लिलाव होऊ लागला. ठेका एका सालाचा. त्या वर्षी तो हणमंतरावांनी घेतला आणि नेमका सलग दुसऱ्या साली पाऊस फिरकला नाही. फाल्गुनात तळ्याचं डबकं झालं. हणमंतरावांनी सांगितलं, आहे ते सगळं ओढून काढा.

"मालक, मरळीच्या जोड्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या. बी हाय ते."

"अन् पुढल्या साली ठेका कुणाचा, लिंब्या? मी राखायचं, दुसऱ्यानं खायचं! तू माझ्या जागी असतास तर ठेवलं असतंस?"

आठ दिवसांच्या मजुरीऐवजी लिंबाजीनं सात जोड्या जिवंत मागून घेतल्या. हणमंतराव हसले. "ने बाबा. लगीन लावतूस का काय त्यांचं?"

ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यानं एकेक मरळ सडकेकडच्या जुन्या विहिरीत नेऊन सोडली. विहीर दगडांनी बांधलेली, आत कमरेइतकं हिरवं पाणी. वास यायचा म्हणून ते कुणी पीत नव्हतं, म्हणजे कुणाची आडकाठी नव्हती.

"मजुरी इहिरीत टाकून आलात!" त्याची बायको चांगुणा म्हणाली. "आता वाकून बघा अन् पोट भरा." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "खात्यात काय ते?"

"बेडकं, किडं."

"मंग आपल्यापरीस बरं हाय त्यांचं."

गावात पाणी असं उरलं नव्हतं. चांगुणा दोन कोसांवरून घागर आणायची. पूर्वी पाण्यासाठीचा अर्ज उस्मानाबादला जायचा आणि उत्तर यायच्या आत पावसाळा यायचा. आता लातूर स्वतंत्र जिल्हा झाला होता. शाळेतल्या साहेबराव गुरुजींनी टँकरचा अर्ज लिहिला, त्यावर लिंबाजीनं हौसेनं अंगठा दिला, आणि बाराव्या दिवशी जीपमधून सरकारी साहेब आले. नव्या जिल्ह्याचं गावानं कोण कौतुक केलं!

टँकर ओतायला विहीर हवी होती. सडकेला लागून, बांधलेली, कुणी न वापरणारी. साहेबांनी तीच निवडली. पाणी शिळं म्हणून आधी औषध टाकायचं, दोन दिवसांनी टँकर. बरोबरच्या माणसानं पांढऱ्या पावडरीच्या पोत्याचं तोंड सोडलं, तेव्हा लिंबाजी धावत आला.

"साहेब, थांबा जरा. आत मरळी हायेत. एक दिस द्या, काढून घेतो."

"काढून कुठं ठेवशील?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

लिंबाजीनं चहूकडं पाहिलं.

"तळं भरलं की सरकार बोटुकली देतं रे, बोटाएवढी पिलं."

"त्यात मरळ नसती, साहेब."

मागं घागरींची रांग लागली होती. टँकर आजच येणार, असं बायकांना वाटलं होतं. नागुबाई ओरडली, "लिंबाजीभाऊ, लेकरं जगवावी का तुमचं मासं?" दोघी-तिघी हसल्या. चांगुणा रांगेतच होती. ती घागरीच्या काठाकडं बघत राहिली. लिंबाजी बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी मेलेले मासे काढायला त्यालाच बोलावलं. विहिरीत उतरणारं दुसरं होतं कोण? तेरा पांढऱ्या पोटानं वर आले होते. चौदावा तो बराच वेळ पायानं गाळ चाचपत शोधत राहिला. तो कपारीत तोंड खुपसून पडलेला सापडला. वरून कुणी विचारलं, "खायाला चालत्यात का रं?" त्यानं मान हलवली आणि सगळे सडकेपलीकडं पुरले.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. चांगुणानं घागर भरून आणली, फडक्यानं पाणी गाळलं आणि पहिला तांब्या त्याच्यापुढं धरला. पाण्याला औषधाचा उग्र वास होता.

"कसं हाय?"

त्यानं तांब्या रिकामा करून तिच्या हातात दिला.

"पाणीच हाय," तो म्हणाला.