पाठ न केलेला प्रोग्राम

आमच्या घरात पाठांतराला फार मान. लहानपणी मी तिसापर्यंतचे पाढे धडाधड म्हणायचे आणि मेंढरं राखणारे आमचे नातेवाईक कौतुकानं माना डोलवायचे. त्यामुळे बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला गेले आणि समोर सी नावाची भाषा आली, तेव्हा मी सरळ तिची घोकंपट्टी सुरू केली. दुसरं काही करायचं असतं, हे कुणी सांगितलंही नव्हतं. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, सर फळा पुसायचे. सगळा वर्गच पाठ करायचा. मी इतरांपेक्षा चांगलं करायचे, एवढंच.

आमचं गाव नांदूरघाटच्या जवळ. सकाळी शेळीची धार काढताना मी प्रोग्राम म्हणायचे, अगदी कंसासकट. आई शेजारणीला सांगायची, "काय म्हणती ते कळत न्हाई, पण लई मनापासून म्हणती." मला राग यायचा. काय म्हणते ते मलाही कळत नव्हतं, म्हणून जास्तच यायचा.

पहिल्या सत्रात प्रॅक्टिकलला मी आपटले. प्रश्न पुस्तकातला नव्हता. त्या प्रश्नावर माझा अजून राग आहे.

निकाल घरी कळला आणि काकांना आयतंच निमित्त मिळालं. त्यांनी चौसाळ्याचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलाचं हायवेला दुकान, घर चांगलं, माणसं चांगली. काका म्हणाले, "नापास पोरीला कॉम्प्युटर कशाला? पाव्हण्यांना बोलावून घ्या." अण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "परत बसू दे परीक्षेला. पास झाली तर शिकंल. न्हाई झाली तर बोलवू पाव्हण्यांना." झालं. माझ्या आयुष्याचा निर्णय तंबाखूची चिमूट ओठात जायच्या आत झाला होता.

त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला कॉलेज सोडायचं नव्हतं, एवढंच. काही कळत नसलं तरी निळ्या पडद्यावर आपण लिहिलेलं चालू होतं आणि यंत्र आपल्याला उत्तर देतं, तेव्हा मला फार आनंद व्हायचा. तसा आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नव्हता. म्हणून मी काय केलं? आणखी प्रोग्राम पाठ केले. पुस्तकातले संपल्यावर मोठ्या वर्गातल्या मुलींकडून मागून आणले.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. मी चिठ्ठी उचलली. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा शोधा. माझा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून लिहिला असता, असा प्रोग्राम. मी टाइप केला, चालवला, उत्तर बरोबर आलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान. आता तीनऐवजी दहा आकडे घे."

हा प्रोग्राम पाठ नव्हता.

मॅडम पुढच्या मुलीकडे गेल्या. मी जे येत होतं तेच वाढवायला घेतलं. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का, आणि तिसऱ्यापेक्षा, आणि चौथ्यापेक्षा. ओळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर पळायला लागली. कंस किती उघडले आणि किती बंद केले, याचा पत्ता लागेना. चौसाळ्याचं ते दुकान मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बघितलेलं नसतानाही.

आणि लाईट गेली. लॅबची बॅटरी कधीचीच मेली होती. सगळे पडदे एकदम काळे झाले. माझी ती लांबलचक ओळ सेव्ह केलेली नव्हती, गेली. सर म्हणाले, "बसून राहा, येईल. वेळ वाढवून देऊ."

रडू येत होतं, पण सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं. टाइप करता येईना, म्हणून पहिल्यांदाच नुसती विचार करत बसले. दहातलं मोठं शोधायचं. दहातलं मोठं आपण कधी शोधतो? आणि आमच्या वाड्यावरची, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणातली, सकाळ आठवली. व्यापारी यायचा आणि त्याला सगळ्यांत जड कोकरू हवं असायचं. आमच्याकडे वजनकाटा नव्हता. अण्णा पहिलं कोकरू उचलून माझ्या हातात द्यायचे. मग दुसरं उचलायचे. ते जड लागलं तर माझ्या हातातलं सोडायला लावून ते द्यायचे, नाही लागलं तर खाली सोडायचे. शेवटी माझ्या हातात राहील ते सगळ्यांत जड. प्रत्येक कोकराची प्रत्येकाशी तुलना अण्णांनी कधीच केली नव्हती. मी तिथं उभी असायचे आणि माझं काम एकच, आत्तापर्यंतचं जड कोकरू धरून ठेवायचं.

मी कोऱ्या कागदावर लिहायला लागले. एक आकडा धरून ठेवणारा. एक नवा येणारा. नवा मोठा असेल तर जुना सोड, नवा धर. हे पुन्हा पुन्हा कर. सरांनी शिकवलेला लूप हा याच्यासाठी असतो, हे मला तेव्हा कळलं. कागदावर सगळं मिळून चार-पाच ओळीच झाल्या. एवढ्या थोड्यात कसं होईल, अशी शंका येऊन मी तो कागद परत परत वाचला.

लाईट आली. टाइप केलं, चालवलं. मॅडमनी आकडे स्वतः घातले. उत्तर बरोबर. त्यांनी विचारलं, "हा कुठून पाठ केलास?"

"पाठ न्हाई केला मॅडम. आत्ताच केला."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटी सर दारात हळूच म्हणाले, "जा घरी. पास आहेस." माझे पाय इतके हलके झाले की पायरी चुकली.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. मागून मेंढरांचा आवाज येत होता.

"अण्णा, पास झाले."

"बरं झालं."

"आता काकांना सांगा. पाव्हण्यांना येऊ नका म्हणावं."

"ते मागंच सांगितलंय. चौसाळ्याला जाऊन सांगून आलतो मी. पोरगी शिकतीय म्हणलं, आत्ता न्हाई द्यायची."

मला असा राग आला, मी अशी ओरडले की बाजूनं जाणारी मुलं थांबून बघायला लागली.

"मग मला कावून न्हाई सांगितलं? मी हितं भिऊन मरायला टेकलते."

"सांगितलं असतं तर पुस्तकाला हात लावला असतास का?"

मी पायरीवर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मनसोक्त रडले. दोन महिने छातीवर बसलेलं ओझं उतरत होतं आणि राग काही जात नव्हता, दोन्ही एकदमच. फोन चालूच होता.

"आणि नापास झाले असते तर?" मी विचारलं.

"तर परत बसली असतीस," अण्णा म्हणाले. "त्यात काय."