काढून टाकलेली नाट्यपदे

समोरच्या बाल्कनीत सुमतीबाई मोबाइलवर बोट दाबतात, तो कानाशी नेतात आणि पुन्हा दाबतात. त्यातून काहीच ऐकू येत नाही.

घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला. तरुणपणी त्यांनी नाट्यपदांची एकच कॅसेट काढली होती. ती कुण्या फुकट्याने इंटरनेटवर चढवली आणि सारे जग ती फुकट ऐकू लागले. ही चोरी होती, असे मी आजही म्हणतो. बाईंची सही घेऊन मी, निवृत्त वकील, त्या इसमाला कलमांसह तीन पत्रे धाडली. तिसऱ्या पत्रानंतर गाणी इंटरनेटवरून निघाली, तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांच्या सुनेने पेढ्याला हात लावला नाही. "काका, आता आईंना काय ऐकवू? घरातल्या कॅसेटला केव्हाच बुरशी लागली. रोज दुपारी त्या मोबाइलवर तेच ऐकत पडायच्या."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सही तेवढी मागितलीत."

कायदा मालक कोण ते अचूक ठरवतो. त्या मालकाला काय हवे आहे, हे विचारण्याचे कलम त्यात नाही. जी वस्तू मालकिणीच्या घरी कुजली, ती चोराच्या घरी जपली गेली होती, हे मला कोणत्या न्यायालयात मांडता येईल?

शेवटी मी त्या चोरालाच चौथे पत्र लिहिले, विनंतीचे. उत्तर तत्परतेने आले: "आजोबा, तुमच्या धाकाने माझ्याकडची मूळ प्रतसुद्धा पुसून टाकली आहे. आता तरी केस करणार नाही ना?"