इदालिनाची होडी

फेलिस्मिनाच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या कोवा द मोरा वस्तीला ठाऊक. विशीत ती केप व्हर्देचं बेट सोडून लिस्बनला आली, पहाटे दुसऱ्यांची ऑफिसं पुसली आणि रविवारी या टेकडीवर स्वतःचं घर उभारलं. विटा तिच्या, सिमेंट कालवलं शेजारच्या इदालिनाने. गल्लीतली सगळीच घरं अशी एकमेकांच्या हातांनी उभी राहिली.

त्याच दोघींचा दोन वर्षं अबोला. कारण काय, तर एका बारशाला इदालिना चारचौघांत म्हणाली, "फेलिस्मिनाची काचुपा? त्यात मक्याचा दाणा शोधायला होडी लागते!" हशा पिकला. मका, घेवडा, डुकराचं मांस घालून दिवसभर रटरटणाऱ्या त्या काचुपावर फेलिस्मिनाचा जीव. तिला ते फार लागलं.

आता संत जॉनचा सण आला, आणि बातमीही आली. इदालिना पुढच्या आठवड्यात कायमची बेटावर परत निघाली होती. फेलिस्मिनाच्या काळजात चर्र झालं. पण आपण होऊन तिच्या दारात जायचं? नाव नको!

"आई, आज नाचायचं नाही. गुडघा बघ," मुलगी निल्झाने बजावलं.

"गुडघा माझा, नाच माझा. तू भांडी घास."

सणाच्या या नाचात ढोल तापले की दोघींनी समोरासमोर यायचं आणि पोटाला पोट भिडवायचं. समोरचीने उलट धडक दिली नाही, तर वैर पक्कं.

ढोल आले, शिट्ट्या आल्या, रिवाजाप्रमाणे कमरेला लाकडी गलबत बांधून नाचणारा आला. फेलिस्मिना गर्दीतून थेट इदालिनासमोर गेली आणि तिने पोट भिडवलं. इदालिना ढिम्म. गल्ली बघत राहिली. फेलिस्मिनाला आता रडू फुटणारच होतं.

तेवढ्यात इदालिनाने अशी धडक दिली, की फेलिस्मिना थेट निल्झाच्या अंगावर!

"दोन वर्षं वाट पाहिली, बये!" इदालिनाचे डोळे वाहत होते. "आधी यायला काय झालं होतं?"

"गुडघा दुखत होता. हात दे."

हात देत इदालिनाने विचारलं, "काचुपा आहे का?"

"आहे. पातळ आहे."

इदालिनाने नाचणाऱ्याच्या कमरेचं गलबत सोडवलं, स्वतःच्या कमरेला बांधलं आणि नाचत नाचत फेलिस्मिनाच्या दारातून आत शिरली. फेलिस्मिनाने वाडगा काठोकाठ भरला, वर मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला.

"पातळच आहे," शेवटचा घास गिळून इदालिना म्हणाली, आणि रिकामा वाडगा पुन्हा पुढे केला.